अंबुजाक्कांना द्यायचं राहिलेलं उत्तर

रावसरांचा फोन आला तेव्हा मी मद्रासबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैच्या आमच्या कारखान्यात, ब्रेकच्या सुट्या भागांच्या एका पेटीपुढे उभा होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. मशीनच्या आवाजात नीट ऐकू येत नाही म्हणून एक कान हातानं दाबून धरला होता. सर म्हणाले, "दिलीपराव, अंबुजा गेली. सकाळीं, कॉफीच्या वेळेस. तुमी कामावर आहांत, काम आटपून या. घाई नको." मी "हो सर, हो सर" म्हणालो आणि फोन खिशात टाकला. आता जे लिहिणार आहे ते लिहिणं जड जातंय, पण त्यासाठीच तर लिहायला बसलो आहे. मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं ते हे, की त्या पाकिटाबद्दल सरांनी कुणाला सांगितलं असेल का? दुःख त्यानंतर आलं, पाच-सात मिनिटांनी, हातात मापाचं गेज धरून तसाच उभा असताना. क्रम हा असा होता आणि तो मला आता बदलता येत नाही.

पाकीट कोणतं ते सांगतो, पण आधी अक्का. अंबुजाबाई राव, तंजावरच्या मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे जाऊन राहिलेलं घराणं, आजोबांच्या नोकरीपायी मद्रासला आलेलं. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागल्या आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाल्या. नवरा, म्हणजे आमचे रावसर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मूलबाळ नाही. मैलापुरात देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. मी मूळचा इस्लामपूरचा, नोकरीसाठी इथे येऊन बावीस वर्षं झाली. आमची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी कुणाशी तरी तावातावानं बोलत होतो, आणि शेजारी प्रसादाच्या द्रोणांवर लक्ष ठेवून बसलेल्या एक बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "तंबी, तुमची मराठी फार वेगांत जाते हो. आमची बैलगाडी आहे. थोडं थांबत थांबत बोला, आमीही येतों मागून." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हापासून मी तंबी झालो तो शेवटपर्यंत. त्यांचं बोलणं मी इथे लिहितोय खरं, पण त्यातला तमिळ हेल कागदावर उतरत नाही. प्रत्येक वाक्य शेवटाकडे जरासं वर उचलायच्या, म्हणजे साधी माहिती दिली तरी त्या काहीतरी विचारताहेत असं वाटायचं. आणि बऱ्याचदा त्या विचारतच असायच्या.

मला त्या काळी क्वांटमचं वेड लागलं होतं. विमानतळावर घेतलेलं एक पुस्तक वाचून माझी झोप उडाली होती आणि कारखान्यात ज्याला त्याला मी इलेक्ट्रॉनच्या गोष्टी सांगत सुटलो होतो. अक्का म्हणाल्या, आमच्या घरी एक म्हातारा आहे, तो हेच करतो, या. शनिवारी सकाळी मी जायला लागलो. समोरच्या खोलीत भिंतीला काळा फळा होता. सर पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, नेसून, खडू हातात घेऊन, एकट्या माझ्यासाठी पन्नास जणांच्या वर्गाला शिकवावं तसं शिकवायचे. अक्का कोपऱ्यात पाटावर बसून बीन्स निवडायच्या. सरांनी दोन फटींचा प्रयोग सांगितला, की कण कुठल्या फटीतून गेला हे मोजलं नाही तर पलीकडे लाटांसारखी नक्षी उमटते आणि मोजलं तर ती नाहीशी होते. मी डोळे विस्फारून बसलो. अक्का बीन्सचं देठ मोडत म्हणाल्या, "म्हणजे तो कण लाजतो काय, कोणी पाहिलं तर?" सर म्हणाले, "लाजत नाहीं. पाहणारा माणूस असावा असंही नाहीं. मोजणारं यंत्र पुरे. खोलींत चिटपाखरू नसलं तरी नक्षी जाते." अक्कांनी मान हलवली. मीही हलवली. फरक एवढाच, की त्यांना ते कळलं नव्हतं आणि त्यांनी तसं दोनदा सांगितलं. मला ते पक्कं कळलं होतं.

हे मुद्दाम लिहितो आहे. पुढे माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं ते अज्ञानातून पडलं असं कुणी म्हणू नये. वर्षभर शनिवारी मी त्या फळ्यापुढे बसलो होतो. माझ्या वहीत सरांच्याच शब्दांत लिहिलेलं आहे, की 'निरीक्षण' याचा अर्थ मन लावून बघणं असा नाही, आणि कणांच्या जगातलं हे चमत्कारिक वागणं मोठ्या, उबदार, हवेत उघड्या पडलेल्या वस्तूंपर्यंत पोचतच नाही, कारण आजूबाजूचं जग त्यांना क्षणोक्षणी मोजत असतं. खाली दोन रेघाही मारल्या आहेत.

मग मंडळात माझं पहिलं व्याख्यान झालं. कुणीतरी आयत्या वेळी आजारी पडलं म्हणून मला उभं केलं. विषय मीच ठरवला, 'क्वांटम आणि आपलं रोजचं जगणं'. सुरुवातीची वीस मिनिटं मी प्रामाणिकपणे फटी आणि नक्षी सांगत होतो आणि लोक मोबाइल बघत होते. मग घाबरून मी म्हणालो, दोन कण एकमेकांत गुंतले की कितीही दूर गेले तरी त्यांचं नातं तुटत नाही, जसं आईचं आणि परदेशी गेलेल्या मुलीचं. हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वर झाल्या. दोन बायकांनी डोळे पुसले. तो क्षण मला अजून आठवतो. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी मागे वळून पाहिलं नाही. भिंतीतून आरपार जाणारा कण सांगून मी नापास मुलांना धीर दिला, अनिश्चितता सांगून जोडप्यांना एकमेकांवर नजर ठेवू नका म्हणून बजावलं. बंगळूर, हैदराबाद, पुणे इथून बोलावणी येऊ लागली. याच पुरवणीत माझं सदर सुरू झालं. कारखान्यात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, आणि इथे लोक पाया पडायला येत होते.

सर पहिल्या दोन व्याख्यानांना आले. दुसऱ्यानंतर एग्मोरच्या बसथांब्यावर उभे असताना मी विचारलं, कसं झालं? ते बराच वेळ बस येते का ते बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज छान आहे तुमचा." तेव्हापासून ते यायचे बंद झाले. अक्का मात्र प्रत्येक वेळी यायच्या. पहिल्या रांगेत डाव्या बाजूला, मांडीवर वही. टेलिफोन खात्यातली सवय, सगळं लिहून घ्यायच्या. संपल्यावर जवळ येऊन म्हणायच्या, "तंबी, घरांतला म्हातारा शिकवतो तेव्हां डोकं दुखतं. तुमी शिकवतां तेव्हां डोकं हलकं होतं. हें कसं?" मी हसून घ्यायचो. याचं खरं उत्तर मला माहीत होतं.

आता पाकीट. पेटीतल्या मांजराची ती जुनी गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही आणि मेलेलंही. ज्या शास्त्रज्ञानं ती रचली त्यानं 'बघा, हे मोठ्या वस्तूंना लावलं तर किती विचित्र होतं' हे दाखवायला रचली होती. सरांनी ते मला सांगितलं होतं. पण मी ती उलटी वापरली. मांजर लोकांना जवळचं वाटत नाही म्हणून मी पाकीट घेतलं. व्याख्यानात खिशातून एक बंद पाकीट काढायचो, हवेत धरायचो आणि म्हणायचो, "यात तुमचा निकाल आहे. परीक्षेचा असेल, कोर्टाचा असेल, डॉक्टरांचा असेल. जोवर तुम्ही हे उघडत नाही तोवर आत दोन्ही उत्तरं जिवंत आहेत. घाई करू नका. आधी मनात चांगलं उत्तर पक्कं होऊ द्या. कारण बघणारा जसा, तसं जग." मग एक श्वास थांबून पाकीट पुन्हा खिशात. मग टाळ्या. सदरातही हे मी लिहिलं आणि त्या लेखाइतकी पत्रं मला दुसऱ्या कुठल्याही लेखाला आली नाहीत.

ज्या दिवशी मी हे मंडळात पहिल्यांदा केलं, त्या दिवशी अक्का शेवटी जवळ आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या आणि गेल्या. मला वाटलं, काय बोललो मी आज! त्यांच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिल्याला तेव्हा चार दिवस झाले होते. ते मला माहीत नव्हतं. एवढं एकच मला माहीत नव्हतं.

पुढे तीन आठवड्यांनी कारखान्याच्या गेटवरून फोन आला, कुणी वयस्कर गृहस्थ तुम्हाला भेटायला आलेत. मी गेलो तर सुरक्षारक्षकाच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, छत्री गुडघ्यांत धरून रावसर बसलेले. वय अठ्ठ्याहत्तर. मैलापूरहून दोन बस बदलून आले होते. फोन का नाही केलात म्हटलं तर म्हणाले, घरात फोनवर बोलता येण्यासारखं नाही. मग त्यांनी सांगितलं. तपासणीचा कागद येऊन अठरा दिवस झाले होते. अक्कांनी स्वतः जाऊन तो आणला होता आणि पाकीट देवाच्या फळीवर, तसबिरीमागे ठेवलं होतं. उघडत नव्हत्या आणि उघडू देत नव्हत्या. मी डॉक्टरांकडे जाऊन विचारीन असं सरांनी म्हटल्यावर त्यांनी नवऱ्याला शपथ घातली होती. एक माणूस बघेल तरी दुसऱ्याचं उत्तर ठरून जाईल, असं त्यांनी सरांना सरांच्याच विषयातून समजावलं होतं.

"मी शपथ मोडीन, त्याचं मला कांहीं नाहीं," सर म्हणाले. "पण उपचार तिनं घ्यायचा आहे. ती मनानं वळली पाहिजे. माझं ती ऐकत नाहीं. पंचावन्न वर्षं मी फळ्यावर लिहितों, तिला कंटाळा आहे. तुमचं ऐकते. तुमी येऊन एवढंच सांगा, की पाकिटाची गोष्ट खरी नव्हे. शाई वाळली आहे. आंत एकच लिहिलं आहे." मी म्हणालो, येतो सर, नक्की येतो. ते उठले, आणि छत्री सावरत सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या कारखान्यांत पेटी न उघडतां काय लिहितां तिच्यावर? चांगली आणि वाईट, दोन्ही?" आमच्याकडे न तपासलेल्या मालावर लाल पट्टी लावतात, बाजूला ठेवतात आणि त्याच दिवशी उघडतात. बावीस वर्षं माझा पगार पेट्या उघडण्यासाठीच आहे. चौदा हजार पेट्यांवर सही करणाऱ्या माणसानं हॉलमध्ये उभं राहून पाकीट उघडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि हे इतक्या वर्षांत मला एकदाही खटकलं नव्हतं.

रविवारी मी गेलो. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. अक्का, मी चुकलो. अक्का, ते फक्त सांगण्यापुरतं होतं. अक्कांनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की माझं जुळवलेलं सगळं तिथेच विस्कटलं. कॉफी झाली. लिंबाच्या लोणच्याची बाटली बांधून झाली. मग त्यांनी स्वतःच विषय काढला. "तंबी, तुमाला एक सांगतें. तुमचं पाकीट मी घरीं ठेवलं आहे." आणि देवाच्या फळीकडे बोट दाखवलं. "पहिले चार दिवस मजला जेवण जात नव्हतं. रोज वाटे, आज कळेल, आज मरेन. मग तुमचं ऐकलं. त्या दिवसापासून नीट झोपतें, गाणं ऐकायला सभेंत जातें. ह्या म्हाताऱ्यानं पंचावन्न वर्षांत एवढं सुख दिलं नाहीं," आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हसल्या. दारात सर उभे होते, हातात कॉफीचा पेला. ते माझ्याकडे बघत होते.

आता बोलायचं होतं. एक वाक्य. आणि मी म्हणालो, "अक्का, घाई काय आहे... मन तयार झालं की उघडा."

का म्हणालो? याची मी स्वतःला बरीच उत्तरं देऊन पाहिली आहेत. त्यांचं सुख मोडवेना, हे एक उत्तर आहे आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्या खोलीत मला जास्त काय मोडवत नव्हतं ते मला माहीत आहे. त्या माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर. माझ्या कारखान्यात, माझ्या घरात, कुणी माझ्याकडे तसं बघत नाही. ती नजर राखण्यासाठी मी त्या बाईचा कागद देवामागे ठेवला. सर मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. वाटेत मी म्हणालो, पुढच्या वेळी नक्की सांगतो सर, आज वातावरण तसं नव्हतं. ते "बरं" म्हणाले. गाडी येईपर्यंत थांबले, मी आत बसल्यावर हात केला आणि परतले. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर मला कदाचित उलट बोलता आलं असतं.

पाकीट अक्कांनी साडेतीन महिन्यांनी उघडलं. काही प्रसंग वगैरे घडला नाही. काखेत दुखायला लागलं, हात वर होईना, आणि एका दुपारी त्यांनी ते खाली काढून फोडलं, वाचलं आणि सरांच्या हातात दिलं. आत एकच लिहिलेलं होतं. मग हॉस्पिटल, शस्त्रक्रिया, सलाइनमधून घ्यायचे डोस. मी पहिले दोन महिने फिरकलो नाही. कामाचा व्याप, परगावची व्याख्यानं... व्याख्यानं चालूच होती. फक्त पाकीट खिशातून काढायचं मी बंद केलं होतं, आणि कुणाला ते कळलंही नाही.

शेवटी गेलो तेव्हा त्या घरीच, खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. डोक्याला सुती पातळाचा तुकडा गुंडाळलेला. सर औषधं आणायला गेले होते. मला बघून म्हणाल्या, "या तंबी. काय म्हणतं तुमचं मांजर? आहे काय, गेलं?" आणि मीच कसनुसा झालो म्हणून त्यांनीच मला हसवलं. थोडा वेळ पुण्याच्या हवेबद्दल बोललो. खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता, तो जाईपर्यंत त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारूं? खरं सांगायचं. तुमी पाकिटाचं सांगितलंत, तेव्हां तें खरं नव्हे म्हणून तुमाला ठाऊक होतं काय?"

त्यांनी आयुष्यभर लोकांचे फोन जोडून दिले होते. समोरचा खरं बोलतोय की नाही ते आवाजावरून ओळखता येतं, असं त्या नेहमी सांगायच्या. मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "नाही अक्का. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं."

त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक. "बरं झालं. ठाऊक असून सांगितलं असतंत, तर फार वाईट वाटलं असतं." मग माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि सर येईपर्यंत तो तसाच होता. त्यांना माझं खरं वाटलं, की ओळखून त्यांनी मला सोडून दिलं, हे मला कधीच कळणार नाही. ती आमची शेवटची भेट.

अक्का, उत्तर 'हो' असं होतं. मला ठाऊक होतं. तुमच्याच खोलीत, तुम्ही कोपऱ्यात बीन्स निवडत असताना मला ते शिकवलं गेलं होतं.

मंडळानं शोकसभा ठेवली. तिथेही मला बोलायला उभं केलं आणि तिथेही मी माझ्या जुन्या वळणावर गेलो. ऊर्जा नष्ट होत नाही, म्हणालो, ती फक्त रूप बदलते, अक्का इथेच आपल्याभोवती आहेत. लोकांनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत, डाव्या बाजूला सर बसले होते. पाच वर्षांनी ते माझं भाषण ऐकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, नुसता वेष्टीच्या काठाचा एक सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. शिकून शिकून मी त्यांच्या विषयातून हे एवढंच उचललं होतं. त्या रात्री मी संपादकांना कळवलं, की सदर थांबवतोय आणि शेवटचा लेख वेगळा असेल. तो हा.

हा लेख छापायला देण्याआधी मी सरांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून, पेन्सिल हातात घेऊन, उत्तरपत्रिका तपासावी तसा तो वाचला. प्रयोगाच्या परिच्छेदात दोन ठिकाणी शब्द बदलले. मग एका वाक्याशी थांबले. मी लिहिलं होतं, 'अक्कांनी पाकीट वेळेवर उघडलं असतं तर त्या आज असत्या. मी त्यांना मारलं.' सरांनी त्यावर सरळ रेघ मारली. मला वाटलं, माफ करताहेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. सर म्हणाले, "हें तुमाला ठाऊक नाहीं. डॉक्टरांनाही नाहीं. कदाचित वांचली असती, कदाचित नाहीं. जें मोजलं नाहीं तें लिहूं नये. तिच्या हातांतले साडेतीन महिने तुमी घेतलेत, एवढं लिहा. तेवढं खरं आहे." मग पुढचं पान उलटून, शेवटच्या भेटीचा भाग त्यांनी दोनदा वाचला. अक्कांनी मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. बराच वेळ पेन्सिल हवेत होती. "हें राहूं द्या," ते म्हणाले. "हें तुमाला ठाऊक आहे." आणि कागद माझ्याकडे सरकवले.

क्वांटमकडून जगण्यासाठी काय घ्यावं, हा प्रश्न लोक मला अजून विचारतात. मी एकदा तो सरांना विचारला होता, फार पूर्वी, पुढच्या व्याख्यानाला काही सापडतं का म्हणून. ते म्हणाले होते, जिथे मोजमाप संपतं तिथे गप्प बसायची सवय. मला ते व्याख्यानासाठी फारच छोटं वाटलं होतं.

आता शनिवारी मी पुन्हा जातो. शिकायला नाही. त्या घरात टपाल उघडायचं काम अक्कांचं होतं. केसांतला आकडा काढायचा, पाकिटाच्या कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि एका ओढीत कागद न फाडता उघडायचं. विजेचं बिल असो, लग्नपत्रिका असो, सरांच्या नावाचं असो, उघडणार त्याच. त्या गेल्यावर सरांना ते जमेना. जिन्याखालच्या पेटीतून ते टपाल वर आणतात आणि टेबलावर ढीग करून ठेवतात. मी गेलो की म्हणतात, "वाचा." मी एकेक उघडतो आणि मोठ्यानं वाचतो.

गेल्या शनिवारी ढिगात पेन्शनच्या कार्यालयातून आलेलं एक पाकीट होतं, अक्कांच्या नावाचं. मी ते हातात घेतलं आणि थांबलो. सर म्हणाले, "उघडा." आत छापील पत्र होतं. आपला हयातीचा दाखला अद्याप मिळालेला नाही, तरी आपण हयात असल्याचं प्रमाणपत्र सही करून पाठवावं. खाली 'हयात' आणि 'मयत' असे दोन चौकोन होते, त्यातल्या एकावर खूण करायची होती, आणि शेरा लिहायला एक रेघ. मी वाचून संपवलं. सरांनी त्यांचं पेन टोपण काढून माझ्यापुढे धरलं. "माझा हात कांपतो," म्हणाले, "तुमी लिहा." शेकडो लोकांपुढे तासन् तास बोललेला माणूस मी, त्या एका रेघेवर लिहायला मला फार वेळ लागला. सर वाट बघत बसले. मग मी खूण केली आणि लिहिलं, की अंबुजाबाई राव वारल्या आहेत.